डोहातली गाठोडी

१

रविवारी सकाळी आम्ही कृष्णेतली घाण काढतो. सांगलीच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं तिथपर्यंत कयाक वल्हवत जायचं, दोन्ही काठांना अडकलेलं ओढून काढायचं, पोत्यात भरायचं, आणि पोती कयाकवर लादून धक्क्यावर आणून टाकायची. बघायला लोक येतात. काठावर उभे राहून फोटो काढतात, ‘छान उपक्रम’ म्हणतात आणि हातातला चहाचा कप तिथेच ठेवून जातात. सुरुवातीला मी त्यांच्याकडे बघून हसायचे. आता हसत नाही.

माझं नाव शिवांजली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवडाभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. हा गट उभा केला तो माझ्या धाकट्या भावानं, यशराजनं. सयाजीआण्णा मूळचे साताऱ्याकडचे, फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त झालेले. पाण्यात जीव कसा सांभाळायचा ते त्यांनी आम्हाला शिकवलं. अश्फाकचं मिरज रस्त्याला गाड्यांच्या फायबर कामाचं गॅरेज आहे. कयाकला तडा गेला की तो सांधतो.

गेल्या नोव्हेंबरात यश गेला. संध्याकाळचा सराव करताना वाडीच्या डोहात त्याची कयाक उलटली. उलटणं ही आमच्यात मोठी गोष्ट नसते. तो मुद्दाम उलटायचा आणि हसत वर यायचा. त्या दिवशी खाली कापड होतं. लग्नाच्या मांडवाच्या झालरी, पडदे, खुर्च्यांची कव्हरं. कुणीतरी टेंपोनं आणून ओतलेला तो ढीग पाण्याखाली जाळ्यासारखा पसरला होता. यश सापडला तेव्हा गुलाबी झालर त्याच्या दंडांना आणि पायांना गुंडाळलेली होती, आणि त्याच्या बोटांची नखं उलटलेली होती. शेवटपर्यंत तो ते कापड फाडत होता.

चौकीत मला सांगितलं, नदीत उतरणाऱ्यानं काळजी घ्यायची असते.

कापड कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. डोहाच्या वर, उतारावर, वीरधवलचं मंगल कार्यालय आहे. लग्न उरकलं की त्याचा टेंपो मागच्या वाटेनं नदीकडे उतरतो. यशच्या तेराव्यानंतरही उतरत होता.

२

लगीनसराई जोरात असतानाचा तो रविवार. डोहाच्या कडेला उंच वाढलेल्या पाणकणसांत मला एक गाठोडं दिसलं. वाहून आलेलं वाटलं नाही. कुणीतरी नीट टेकवून ठेवावं तसं होतं.

मी ते कयाकवर ओढून घेतलं. गुलाबी कापडाचं होतं. आत थर्माकोलच्या ताटल्या एकात एक बसवलेल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या चेपून, बुचं काढून एका बाजूला लावलेल्या, हारांचे दोरे गुंडाळून त्यांचा गुंडा केलेला. आमच्यातला कुणीही इतक्या निगुतीनं कचरा भरत नाही. आम्ही रागानं भरतो.

गाठ सोडायला गेले आणि हात थांबला. गाठीवर गाठ मारून कापडाची शेव, त्याचं सुटं टोक, परत आत खोचलेली होती. मोकळी शेव वल्ह्यात अडकते म्हणून यश तशी खोचायचा. घरातल्या जुन्या चादरी फाडून तो त्याच्या पट्ट्या करायचा आणि त्यांनी पोती बांधायचा. आई चिडायची.

अश्फाक जवळपासच होता. मी गाठोडं त्याच्यापुढे धरलं.

“हे तू बांधलंस?”

त्यानं गाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “नाही, ताई.”

“मग कुणी? यशची गाठ आहे ही.”

“त्यानं सगळ्यांनाच शिकवली होती. वाडीतल्या पोरांनाही. कुणीतरी चांगलं काम करतंय, करू दे की.”

“असली थट्टा मला चालत नाही, अश्फाक. गटात सांगून ठेव.”

सयाजीआण्णा मागून आले, त्यांनी गाठोडं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि आपल्या कयाकवर ठेवलं. दिवसभर मी चिडलेली होते. थट्टा करणाऱ्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ती शेव बघून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

३

पुढच्या रविवारी पाणकणसांत गाठोड्यांची रांग होती.

मी डोक्याला ताण दिला. वाडीतलंच कुणीतरी असणार. यशच्या शिकवणीतला एखादा. मनाला बोचलं असेल, कुणाला न सांगता करत असेल. तरीही नक्की कळावं म्हणून मी कयाक काठाला लावली. तिथे खडकावर मंगलमावशी धुणं धूत होत्या. त्यांचं घर डोहावरच आहे.

“मावशी, ही गाठोडी इथं कोण आणून ठेवतं?”

“तुमचाच माणूस की.”

“आमचा कोण?”

“आता नाव काय मला ठावं न्हाई. असतोय रोज पाण्यात. सकाळी धुणं घेऊन आले की दिसतोय.” त्यांनी चादर पिळली, झटकली. “लय कामाचा हाय. पर त्याला सांगा बाई, जरा दमानं घे म्हणावं.”

“का?”

“श्वास घ्यायला बी वर येत न्हाई.”

त्या सहज बोलल्या. पोरगा जेवायच्या वेळेला घरी येत नाही असं सांगावं तसं. मला म्हणायचं होतं की मावशी, तुमची नजर अधू झालीय, तो पाणकावळा असेल. पाणकावळे बराच वेळ बुडी मारून राहतात. मी नुसती कयाक वळवली.

परत डोहावर आले आणि वल्हं मांडीवर घेऊन थांबले. फायबरच्या पोकळ कयाकमध्ये पाण्याखालचा आवाज वर येतो. खडे घासलेले, मासा आपटलेला, सगळं कळतं. त्या दिवशी माझ्या पायाखालून चर्रकन आवाज आला. थांबला. पुन्हा आला, लांबलचक.

कुणीतरी कापड फाडत होतं.

पाण्याखाली कापड फाडलं तर असा आवाज येत नाही, हे मला कळत होतं. कयाकच्या तळाला काटेरी फांदी घासत असेल. मी वल्ह्यानं तळ चाचपला. फांदी नव्हती. वल्हं बाहेर काढलं तर त्याच्या पात्याला गुलाबी कापडाची पट्टी होती. नुकती कुणीतरी बांधलेली, शेव आत खोचून.

मी तिथेच बसून रडले. भीती वाटली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता. सगळं गाव नदीत घाण ओतत होतं आणि माझा भाऊ मेल्यानंतरही ती आवरत होता.

४

मग गाठोडी मोठी व्हायला लागली.

एकात मेलेल्या कोंबड्या होत्या, पाय जुळवून लावलेल्या. एकात कुत्रं होतं. ते आधीपासून मेलेलं होतं की नाही ते मला कळलं नाही आणि मी बघत बसले नाही. सयाजीआण्णांनी काठावर खड्डा काढून पुरलं. त्या रविवारपासून ते डोहाच्या मध्यावर कुणाला जाऊ देईनात.

मार्चमधली गोष्ट. पाणकणसांतलं एक गाठोडं हलत होतं.

अश्फाकनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मीच ते कापलं. आत बगळा होता, जिवंत. पंख अंगाशी चापून बांधलेले, पाय दुमडून बांधलेले, आणि चोचीवर बारीक पट्टी, तिचीही शेव आत खोचलेली. पट्टी सोडवल्यावर त्यानं माझ्या तळहातावर चोच मारली आणि तो फडफडत, वेडावाकडा, पलीकडच्या उसावरून गेला.

मी तळहात पाण्यात बुडवून धुतला.

“पोरी,” सयाजीआण्णा म्हणाले, “आता हितलं काम बंद. बंधाऱ्याच्या खालतीच करायचं.”

“का?”

“बगळा घाण हाय का?”

मी कापलेलं कापड पोत्यात कोंबलं.

“ज्यानं ह्यो बांधला, त्याला कचरा आन् जीव ह्यातलं काय बी कळंना झालंय. मग तो कुणी बी असू दे. तुजा कुणी लागत असला तरी.”

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मला त्यांचा संताप आला. मी म्हणाले की आपण डोह सोडला तर वीरधवलला रान मोकळं होईल. पुढच्याच आठवड्यात तिथे दुप्पट कापड पडेल. आपण काय चहाचे कप वेचायला जमलोय का? आण्णांनी मला पुरतं बोलू दिलं.

“तुजा राग खरा हाय,” ते म्हणाले. “पर रागानं बांधलेलं सोडवता येत न्हाई गं. फौजेत बघितलंय म्या.”

मी त्यांचं ऐकलं नाही. पण डोहाच्या मध्यावर मीही गेले नाही.

५

निवडणूक तोंडावर आली, वीरधवल तिला उभा होता, आणि एका रविवारी तो स्वतः धक्क्यावर हजर झाला. पांढरे कपडे, सोबत कार्यकर्ते, फोटोवाले. गळ्यात कुणीतरी घातलेला झेंडूचा हार. नदी आपली आई आहे, असं काहीतरी तो बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला कयाकमध्ये बसून कचरा काढतानाचा फोटो हवा होता.

“न्हाई,” सयाजीआण्णा म्हणाले. “सवय नसलेल्याला आमी पाण्यात नेत न्हाई.”

“आवं आण्णा, नदीकाठला वाढलोय आमी. पवतोय चांगला.”

“मी नेते,” मी म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. मला त्याला डोह दाखवायचा होता. त्याच्या टेंपोच्या चाकोऱ्या, काठावर कुजलेली त्याच्या खुर्च्यांची कव्हरं, माझा भाऊ जिथे सापडला ती जागा. फोटोवाल्यांसमोर मला ते त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

दोघांची, वरून उघडी कयाक मी घेतली. त्याला लाइफ जॅकेट घातलं, पुढे बसवलं. फोटोवाले काठानं चालत होते. आण्णा आणि अश्फाक आपापल्या कयाकनं मागून येत होते.

“ताई, तुमच्या भावाचं वाईट झालं,” तो वळून न बघता म्हणाला. “मी आलतो मातीला. तुमी बघितलं नसंल.”

“बघितलं होतं.”

“लोक माझं नाव घेत्यात. पर वरनं किती गावं घाण सोडत्यात सांगा बघू. नदी हाय, सगळं व्हातंय. धरून कोण ठेवतंय?”

मी वल्हं मारत राहिले. मला त्याच्या मानेवरची घडी दिसत होती. यशला आम्ही बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मानेवर झालरीतला जरीचा धागा चिकटला होता.

डोहावर पोचलो. वीरधवलनं गळ्यातला हार काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. उन्हानं अंग तापलं होतं म्हणून तो दोन्ही पाय बाजूंनी पाण्यात सोडून बसला. काठावरून फोटोवाले म्हणाले, साहेब, इकडे बघा.

हार तरंगला नाही. कुणीतरी हातातून घ्यावा तसा खाली गेला.

६

मग पायाखाली चर्रकन वाजलं.

“काय घासतंय?” वीरधवल म्हणाला.

मी कयाक मागे घेण्यासाठी वल्हं उलटं मारलं. कयाक हलली नाही. पुन्हा मारलं. पुढचं टोक हळूच खाली दबलं. वीरधवलनं पाय वर घ्यायला बघितला, तो येईना. त्याच्या घोट्याभोवती गुलाबी कापड होतं. तो हसायला लागला, जाळ्यात अडकलो म्हणाला, आणि हसता हसताच कुशीवर कलून पाण्यात गेला.

तो बुडाला नाही. जॅकेटनं त्याला वर धरलं. पण तो माझ्याकडे येत नव्हता. एक हात कयाकच्या कडेवर होता, दुसरा पाण्याखाली होता आणि तो त्याला वर काढता येत नव्हता.

“ताई,” तो म्हणाला. “खाली कोण हाय?”

मी एक क्षण काहीच केलं नाही. केवढा मोठा असतो तो क्षण ते मला आता ठाऊक आहे. त्यात चौकीतली खुर्ची होती, टेंपोचा आवाज होता, उलटलेली नखं होती. आणि तो घाबरलेला माणूस होता, त्याच्या ओठांना पाणी लागत होतं आणि तो जिवाच्या आकांतानं माझ्याकडे बघत होता.

मी पालथी पडले आणि त्याचा हात सोडवायला खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला.

आधी कापड लागलं. मग मनगट, त्याचं. आणि त्याच्या मनगटापाशी आणखी बोटं होती.

ती काम करत होती. घाईत नव्हती. पट्टी वळवून घेत होती, खालून काढत होती, आवळत होती. मी डोळे पाण्याशी नेले. पाणी हिरवट होतं, ऊन तिरपं आत गेलेलं होतं. मला बोटं दिसली. टोकाशी फिकट, नखं नसलेली. त्यामागे हात, कोपरापर्यंत. त्यापुढे पाणी काळं होतं, आणि त्या काळ्यात काहीतरी पुष्कळ होतं, गुंडाळलेलं. ते मी बघितलं नाही. बघू शकले असते, पण नाही बघितलं.

“यश,” मी म्हणाले. माझं तोंड पाण्याला लागलेलं होतं. “यश, सोड त्याला. माणूस आहे.”

बोटं थांबली. मग ती माझ्या मनगटावर आली. चाचपून बघितल्यासारखी फिरली, लहानपणी अंधारात तो माझा हात शोधायचा तशी. मला वाटलं, त्यानं ओळखलं.

त्यानं पट्टी घेतली आणि माझं मनगट बांधायला लागला.

मी ओरडले नसेन, कारण माझ्या तोंडात पाणी होतं. सयाजीआण्णांची कयाक येऊन आदळली. त्यांचा सुरा माझ्या दंडाजवळून पाण्यात गेला, दोनदा, तीनदा. अश्फाकनं वीरधवलची कॉलर धरली. आम्ही काठाला कसे लागलो ते मला आठवत नाही. फोटोवाले फोटो काढत होते.

७

दोन दिवसांनी वीरधवलनं तक्रार दिली. गटाच्या निष्काळजीपणामुळे तो मासेमारीच्या जुन्या जाळ्यात अडकला, असं त्यात होतं. फोटोंत कापड, पाणी आणि आमची तोंडं, एवढंच दिसत होतं. नदीत उतरायला आम्हाला बंदी झाली. धक्क्यावरच्या शेडला कुलूप लागलं. त्या रविवारी कार्यालयात लग्न होतं आणि संध्याकाळी टेंपो मागच्या वाटेनं उतरला, हे मला मंगलमावशींनी फोन करून सांगितलं. मी त्यांना धुणं घरी धुवा म्हणाले. त्या म्हणाल्या, घरात पाणी कुठलं आलंय बाई.

मी चौकीत गेले, नगरपालिकेत गेले. डोहात कुणाला जाऊ देऊ नका, फलक लावा, असं सांगत राहिले. का, म्हणून विचारलं की मला सांगता येईना. माझा आवाज चढायचा आणि मग ते माझ्याकडे भाऊ गेलेल्या बाईकडे बघावं तसे बघायचे.

घरी आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण मनगटावरचा वळ उतरत नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं हळद गरम करून आणली आणि माझा हात मांडीवर घेतला. माझी आई, विजयमाला, शाळेत शिकवायची. तिला खोटं लगेच कळतं. हळद लावता लावता तिनं विचारलं आणि मी सांगून टाकलं. गाठ, बगळा, पाण्यातली बोटं. मला वाटलं, ती रडेल नाहीतर मला गप्प करेल.

तिनं वळावरून अंगठा फिरवला.

“हात गार होता का गं त्याचा?”

मी खोटं बोलायला हवं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “गरम होता.”

ती उठली. हात धुतले. कपाटातून त्याचा टॉवेल काढला, वाळलेला शर्ट काढला, पिशवीत घातला. मग केस नीट केले. ती चपला घालायला बाहेर येणार तेवढ्यात मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

तिनं दार वाजवलं नाही. दाराच्या अगदी जवळ येऊन, वर्गात बोलायची तशा शांत आवाजात ती बोलली.

“शिवा, दार उघड. दमला असेल तो. मी सांगितलं की ऐकेल.”

“तो ओळखत नाही, आई. त्यानं मलासुद्धा ओळखलं नाही.”

“तू बहीण आहेस,” ती म्हणाली. “उघड.”

मी उंबऱ्याशी बसून राहिले. दाराच्या फटीतून तिच्या पायांची सावली दिसत होती. समोर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, शेजारी कुणीतरी कुकर लावला. वीरधवल, चौकीतला तो माणूस, फोटोवाले, सगळ्यांवर आजवर माझं ओरडून झालं होतं. आता तेवढाच राग वर येत होता आणि कुणाचं नाव घ्यावं ते मला कळत नव्हतं.

“शिवा,” आई म्हणाली, “संध्याकाळ व्हायच्या आत जायला हवं.”

ती तिथेच उभी होती. मीही हलले नाही.